भीमसेन गोंडाणे यांचा दयेचा अर्ज

भीमसेनदादांना बसलेलं पाहणं दुर्मीळ. ऑफिसात बसत असतील, जेवताना बसत असतील, पण माझ्या डोळ्यांसमोर त्यांचं जे रूप आहे ते चालणाऱ्या माणसाचं. फोनवर बोलताना चालणार, विचार करताना चालणार, दुसरा बोलत असताना तर हमखास चालणार. कापेल आन डेन आयसेलला त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. खालच्या मजल्यावरच्या डच बाईंनी एकदा चिठ्ठी पाठवली होती की आपण घरात कुत्रा पाळला आहे का. दादांनी उत्तर लिहिलं, नाही, मी विचार करत असतो. त्यांची सोळा वर्षांची मुलगी समता, तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती डचमध्ये देते. "पाप, गा झिटन," हे तिचं घरातलं सर्वांत जास्त वेळा म्हटलेलं वाक्य. बाबा, बस खाली.

वय चोपन्न. काम एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या. मार्च २०२० पासून ते काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलं. पण दादांचं खरं प्रेम घटनेवर. तरुणपणी नागपुरात दिवसा नोकरी आणि संध्याकाळी लॉ कॉलेज असं करून त्यांनी वकिलीची पदवी घेतली होती, वकिली एक दिवसही केली नाही. त्या शिक्षणाची सगळी हौस त्यांनी आमच्या संघावर भागवली.

आमचा मैत्री संघ म्हणजे नेदरलँड्समधल्या बौद्ध मराठी कुटुंबांचा. सभासद एकशे अडतीस, शाखा तीन: द हेग, कापेल आणि आमचं उइटहॉर्न. चौदा एप्रिलचा कार्यक्रम, धम्मचक्र प्रवर्तन दिन, मुलांचा रविवारचा वर्ग, एवढा कारभार. नोंदणीच्या वेळी नोटरीने दोन पानांचा ठरीव मसुदा पुढे केला होता. दुसऱ्या कुठल्याही मंडळाने सही करून चहा घेतला असता. आमच्या लोकांना घटना दोन पानांची असते हेच पटेना. दादांनी सात महिने घालवून चौसष्ट कलमांची घटना लिहिली, आणि आम्ही ती तीन रविवार बसून कलमवार मंजूर केली. मी संघाची सचिव, शर्वरी. त्या तीन रविवारांचं इतिवृत्त मी लिहिलं आहे, त्यामुळे मला कोणी घटनेबद्दल आदर शिकवू नये.

चौसष्टपैकी दोन कलमं इथे कामाची. कलम बावीस: शाखेची निवडणूक शाखा घेईल, वेळ आणि पद्धत शाखाच ठरवेल. ही कल्पना दादांनी अमेरिकेच्या घटनेवरून घेतली होती. तिथे निवडणूक राज्यं घेतात, दिल्लीसारखं एकच निवडणूक आयोगाचं घर नाही. आणि कलम एकेचाळीस: शिक्षा झालेल्या सदस्यास, त्याने चूक कबूल करून अर्ज केल्यास, अध्यक्ष शिक्षा माफ करू शकतील किंवा कमी करू शकतील. ही आपल्या राष्ट्रपतींच्या दयेच्या अधिकाराची धाकटी बहीण. मंजुरीच्या वेळी मी विचारलं होतं, "दादा, आपण फाशी कोणाला देणार आहोत?" सगळे हसले. दादा हसले नाहीत. ते खिडकीपर्यंत चालत गेले आणि परत आले.

मग त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. किसन गोंडाणे वऱ्हाडातल्या एका कापड गिरणीत कामाला होते. आईच्या मरणाच्या वेळी सतरा दिवस न सांगता गैरहजर राहिले, म्हणून काढून टाकले गेले. कोणाकडून तरी लिहून घेऊन त्यांनी दयेचा अर्ज केला. तो परत आला, वर एकच ओळ: नियमात बसत नाही. "बाबांचं म्हणणं नव्हतं की चूक नाही," दादा म्हणाले. "त्यांचं म्हणणं होतं, कोणीतरी वाचायला पाहिजे होता. आपल्या घटनेत अर्ज करायला एक दार असू दे." कलम एकेचाळीस एकमताने मंजूर झालं. पुढची चार वर्षं त्या दारातून कोणी आलं नाही.

२०२० च्या नोव्हेंबरात अमेरिकेतली निवडणूक झाली तेव्हा दादांना चढलेला ताप मी फोनवरून ऐकत होते. अर्धा देश घरून टपालाने मत देतो, कोणत्या राज्यात कधीपर्यंत आलेलं पाकीट चालेल यावर कोर्टात भांडणं, राज्याने ठरवायचं की केंद्राने, विधिमंडळाने की न्यायाधीशांनी. "बघ शर्वरी," ते म्हणायचे, "पन्नास राज्यं, पन्नास तऱ्हा. पण बावीस कलमात गोम इथेच आहे." मला गोमेत रस नव्हता. माझी दोन मुलं घरून शाळा करत होती आणि नवरा बेडरूममधून मीटिंगा.

आमच्याही शाखांच्या निवडणुका डिसेंबरात होत्या. केंद्र समितीच्या अध्यक्ष मृणालिनीताई द हेगला राहतात, पेटंट तपासण्याच्या कामात आयुष्य गेलेलं. शब्दावर बोट ठेवायची त्यांना सवय. त्यांनी सहा डिसेंबरला परिपत्रक काढलं: यंदा तिन्ही शाखांची निवडणूक फक्त ऑनलाइन, लिंकवरून. परिपत्रक टाइप मीच केलं.

कापेल शाखेचे मावळते प्रमुख धम्मपाल लोणारे. दादांचे नागपूरच्या वसतिगृहापासूनचे मित्र, एकतीस वर्षांची मैत्री; दादा जितके अस्वस्थ तितके हे शांत. रविवारचा मुलांचा वर्ग त्यांनीच सुरू केलेला. एकोणीस मुलं, मराठी बाराखडी आणि संविधानाची उद्देशिका. इथे वाढलेली मुलं 'आम्ही भारताचे लोक' हे डच 'र' घालून का होईना, म्हणतात ती धम्मपालदादांमुळे. त्या वर्षी ते स्वतः उभे राहणार नव्हते, निवडणूक फक्त पार पाडायची होती. अडचण वेगळीच होती. कापेलला त्या वर्षी बारा म्हातारी माणसं अडकली होती. मुलांकडे चार महिन्यांसाठी आलेले आईवडील, विमानं बंद झाली आणि राहिले. सहा महिन्यांहून जास्त राहणारे आईवडीलही सभासद, हे कलमही दादांचंच. त्यांना मताचा अधिकार होता आणि लिंक उघडता येत नव्हती.

त्या बारांत धम्मपालदादांच्या आई होत्या, शांताबाई. एकोणऐंशी वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या निवृत्त शिक्षिका. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. मुलगा फोन हातात देऊन म्हणाला, आई, इथं बोट लाव. त्या म्हणाल्या, "तू बाजूला उभा राहून बघतोयस आणि मी मत देऊ?" तिसेक वर्षांच्या नोकरीत निवडणुकीच्या प्रत्येक ड्युटीवर गेलेली बाई ती. मुलाच्या फोनवरून, मुलाच्या देखत मत देणं तिच्या हिशेबी मत नव्हतंच.

आता जे सांगते ते मला मार्चमध्ये कळलं. पण ते दडवून ठेवून गोष्ट रंगवण्यात मला रस नाही, म्हणून इथेच सांगते. बारा डिसेंबरच्या शनिवारी धम्मपालदादा आणि भीमसेनदादा नदीच्या बांधावर फिरायला गेले. दीड मीटर अंतर ठेवून, जॅकेटच्या टोप्या डोक्यावर. धम्मपालदादांनी विचारलं, "केंद्राचं पत्रक आहे, पण बारा जण राहतात. मी दारोदार जाऊन चिठ्ठीनं मतं घेतली तर चालेल?" भीमसेनदादांनी पाऊलसुद्धा न थांबवता सांगितलं, "शाखेची निवडणूक शाखा घेते. कलम बावीस. केंद्र सूचना करेल, हुकूम नाही करू शकत. तू घे." घटना लिहिणाऱ्यानेच सांगितल्यावर आणखी कोणाला विचारायचं? वीस डिसेंबरला, नवा लॉकडाऊन लागून पाच दिवस झाले होते तेव्हा, धम्मपालदादा सायकलला बिस्किटांचा पत्र्याचा डबा बांधून निघाले.

डबा कसा बंद करायचा ते बाईंनी सांगितलं. झाकणाला फट, कडेने कागदाची पट्टी, पट्टीवर दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि लाख नव्हती म्हणून मेणबत्तीचं मेण. धम्मपालदादा बेल वाजवून फाटकाशी जाऊन उभे राहायचे, पाठ करून. म्हातारी माणसं दारात यायची, मास्क लावून, चिठ्ठी टाकायची. एका आजोबांनी मत दिल्यावर डावं बोट पुढे केलं. शाई नव्हती. धम्मपालदादांनी खिशातल्या पेनाने नखावर ठिपका दिला. बाकी सभासदांनी लिंकवरून मत दिलं. अशी दोन्ही मिळून कापेलची निवडणूक झाली.

डबा उघडायच्या आतच तक्रार आली. कापेलच्याच एका सभासदाने लिहिलं, सायकलवरून मतदान चाललंय, हे नियमात बसतं का? मृणालिनीताईंनी घटना समितीचे प्रमुख म्हणून भीमसेनदादांकडे लेखी मत मागितलं. बावीस तारखेला दादांनी स्वतःची घटना उघडली, आणि कलम बावीसच्या शेवटी त्यांना स्वतःचंच वाक्य दिसलं: परंतु केंद्र समितीला आवश्यक वाटल्यास ती वेळ व पद्धत यांत बदल करू शकेल. तेही अमेरिकेवरूनच घेतलेलं. राज्यं ठरवतील, पण काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, बदलू शकेल. महिनाभर टीव्हीसमोर ज्या गोमेबद्दल ते मला सांगत होते ती हीच, आणि बांधावर मित्राला उत्तर देताना नेमकी तीच त्यांच्या डोक्यातून निसटली होती. दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणाऱ्या माणसाला स्वतःचं 'परंतु' आठवलं नाही.

त्यांनी लेखी मत दिलं: केंद्राला अधिकार होता, कापेलची निवडणूक अवैध. मत अचूक होतं. त्यात बांधावरच्या शनिवारचा उल्लेख नव्हता.

निवडणूक रद्द झाली. केंद्राचा आदेश मोडल्याबद्दल धम्मपालदादांना दोन वर्षं कोणतंही पद नाही, अशी शिक्षा ठरली. रविवारचा वर्ग हेही घटनेप्रमाणे पद. समितीत आम्ही सात जण. भीमसेनदादा तटस्थ राहिले. धम्मपालदादा स्क्रीनवर होते. मृणालिनीताईंनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय? कोणाला विचारून केलंत का?" त्यांनी माइक चालू केला. मग म्हणाले, "नाही. मी शाखाप्रमुख होतो. मी केलं." भीमसेनदादांची चौकट रिकामी होती. ते चालत कॅमेऱ्याबाहेर गेले होते. मी इतिवृत्तात लिहिलं, श्री. लोणारे यांना काही म्हणायचे नाही. मला त्या माणसाचा राग आला होता. इतका शहाणा माणूस असून परिपत्रक वाचता येत नाही, असं वाटलं होतं. आज त्या ओळीची लाज वाटते.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी कापेलची निवडणूक पुन्हा झाली, फक्त लिंकवरून. बारांपैकी दोघांनी नातवंडांच्या मदतीने मत दिलं. बाईंना सुनेने फोन आणून दिला तर त्यांनी तो परत केला. "मी दिलंय मत. एका निवडणुकीत दोनदा मत देत नसतात." ती निवडणूक रद्द झाली, ही दुसरी आहे, असं तिने समजावलं. बाई म्हणाल्या, "मग पहिल्यातलं माझं मत कुठं गेलं?" डबा फ्रिजवर होता, मेणासकट.

मग बाईंनी तो प्रश्न जिथे विचारायचा तिथे विचारायला सुरुवात केली. दर रविवारी, वर्गाच्या बंद पडलेल्या वेळेला, त्या भीमसेनदादांना फोन करायच्या. "जय भीम, भीमसेन. माझं मत कुठं गेलं?"

पहिल्यांदा दादा म्हणाले, बाई, प्रक्रिया चालू आहे. दुसऱ्यांदा म्हणाले, समितीपुढे आहे. तिसऱ्यांदा घटनेतलं कलम वाचून दाखवलं. बाई सगळं ऐकून घ्यायच्या, "बरं बाबू," म्हणायच्या, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रश्न. मुलाने त्यांना बांधावरचं सांगितलं होतं की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही. विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

त्या दिवसांत दादांचे मला फोन वाढले. विषय मात्र नेहमी अमेरिका. तिथे राष्ट्राध्यक्ष जाता जाता माफ्यांच्या याद्या काढत होते, आणि स्वतःला माफी देता येते का यावर वकील टीव्हीवर भांडत होते. "कोणी म्हणतं येते, कोणी म्हणतं आपल्याच खटल्यात आपण न्यायाधीश कसे. आणि एक लक्षात घे, ही माफी फक्त केंद्राच्या गुन्ह्यांना. राज्याच्या गुन्ह्यांना ती लागूच नाही. त्याचं दार वेगळं." मागून लाकडी फरशीचा आवाज येत असायचा, आणि समताचा. गा झिटन, पाप. मी एकदा वैतागून म्हटलं, "दादा, तिकडचं सोडा. आपल्याकडे एक माणूस शिक्षा भोगतोय, त्याला अर्ज करायला सांगा ना. मृणालिनीताई माफ करायला तयार आहेत." फरशीचा आवाज थांबला. "तो करणार नाही," दादा म्हणाले.

मी स्वतःच धम्मपालदादांना फोन केला. त्यांचं उत्तर सरळ होतं. "शर्वरी, कलमात लिहिलंय, चूक कबूल करून अर्ज. माझ्या हातून ती चूक झाली असं मला वाटत नाही. खोटं लिहून माफी कशाला घेऊ?" मग म्हणाले, "मुलं बरी आहेत ना? उद्देशिका म्हणतात का?" मी म्हटलं, म्हणतात. कोणी म्हणत नव्हतं.

मार्चमध्ये इथली संसदेची निवडणूक आली. आपल्यापैकी अजून इथलं नागरिकत्व न घेतलेल्यांना त्यात मत नाही. खेमेंतेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या निवडणुकीत पाच वर्षांनी मिळतं. तरी दादा पेपर ओळ न ओळ वाचत होते. साथीमुळे मतदान तीन दिवस ठेवलं होतं, आणि सत्तरीच्या पुढच्यांना घरून टपालाने मत द्यायची सोय केली होती. ते वाचलं त्याच शनिवारी दादा आमच्याकडे आले. दिवसाला एकच पाहुणा चालत होता, तो मी त्यांच्यासाठी राखला. आम्ही आम्स्टेल नदीच्या काठाने चालायला लागलो.

"सरकारनं म्हाताऱ्यांना घरून मत द्यायला दिलं," ते म्हणाले. "धम्मपालनं तेच केलं होतं."

"सरकारनं आधी कायदा केला," मी म्हटलं. "धम्मपालदादांनी नाही केला. हे तुम्हीच लिहून दिलंयत."

"हो. लिहून मीच दिलंय. आणि घे म्हणूनही मीच सांगितलंय." मग त्यांनी मला बांध सांगितला, बारा डिसेंबर सांगितला, 'परंतु' सांगितलं.

मला राग आला. मी लहान तोंडी मोठा घास घेतला, घेतलाच. "दादा, तुम्ही तीन महिने त्या माणसाच्या आड उभे आहात. तो तुम्हाला वाचवायला गप्प आणि तुम्ही मला अमेरिका सांगताय. तुमच्या वडिलांच्या अर्जाचं आम्हाला सांगून कलम मंजूर करून घेतलंत तुम्ही. त्या दारात पहिला तुम्ही उभं राहायला पाहिजे." नदीवरून वारा होता, त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते वाऱ्याचं नव्हतं. बसस्टॉपवर म्हणाले, "सर्वसाधारण सभेत वाचशील?" मी म्हटलं, तुम्ही लिहा, मी वाचते.

सभा एकवीस मार्चला, रविवारी दुपारी तीनला. स्क्रीनवर एकसष्ट चौकटी. बहुतेकांच्या मागे वाळत घातलेले कपडे किंवा मुलांचे खेळ. धम्मपालदादांच्या चौकटीत बाजूला बाई, पांढरं पातळ, चष्मा. भीमसेनदादा चौकटीत येत होते, जात होते. मी वाचलं:

"माननीय अध्यक्ष, मी भीमसेन किसन गोंडाणे, कलम एकेचाळीसखाली अर्ज करतो. बारा डिसेंबरला धम्मपाल लोणारे यांनी मला विचारलं आणि मी घटना न उघडता सांगितलं, घे. दहा दिवसांनी लेखी मत देताना मी घटना उघडली, माझी चूक मला दिसली, आणि मी ती झाकली. माझ्या मतातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. जे मी लिहिलं नाही त्यामुळे ते खोटं झालं. धम्मपालला हे माहीत होतं. तो बोलला नाही. मला माफी मिळावी."

कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. मृणालिनीताईंनी चष्मा चढवला, समोरची घटना उघडली, आणि कलम दोनदा वाचलं. "गोंडाणेसाहेब, मला हे लिहिताना, म्हणजे बोलताना बरं वाटत नाहीये. पण कलमात शब्द आहेत, 'शिक्षा झालेल्या सदस्यास'. तुम्हाला शिक्षा झालेली नाही. ज्याला शिक्षा नाही त्याला मी माफी देऊ शकत नाही. अर्ज नियमात बसत नाही."

किसन गोंडाण्यांच्या अर्जावरच्या त्या ओळीची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. त्या मागाहून अध्यक्ष झाल्या. दादा चौकटीत उभे होते, पोटापासून वरचे दिसत होते. हात टेबलावर टेकवलेले. मला वाटलं आता ते निघून जातील.

"मग त्याला शिक्षा द्या की," बाई म्हणाल्या.

सगळ्यांना वाटलं त्यांचा माइक चुकून चालू राहिला. बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा म्हणाल्या, "पोरगा मागतोय ना. वर्गात कोणी उठून म्हणालं की बाई मी केलं, तर त्याला खाली बस म्हणायचं नसतं."

धम्मपालदादांनी आईकडे पाहिलं. मग म्हणाले, "अध्यक्ष, माझे चोवीस महिने आहेत. त्यातले बारा त्याला द्या."

तसं करता येतं का यावर वीस मिनिटं चर्चा झाली. आमचे लोक आहेत, होणारच. शेवटी कलम चार सापडलं, सर्वसाधारण सभा सर्वोच्च. हात वर करून मतदान झालं. बाजूने पंचेचाळीस, विरुद्ध नऊ, तटस्थ सात. भीमसेन गोंडाणे यांना एक वर्ष पदबंदी, घटना समितीसह. धम्मपाल लोणारे यांची शिक्षा दोनऐवजी एक वर्ष.

मृणालिनीताई लगेच म्हणाल्या, आणि त्यांना घाई झाली होती हे दिसत होतं, "आता शिक्षा झाली. आता तुमचा अर्ज मला घेता येतो. तुम्ही हो म्हणा, मी आत्ता माफ करते. दोघांनाही."

"अर्ज मागे घेतो," भीमसेनदादा म्हणाले. "वाचला गेला, एवढं पुरे. वर्ष मला काढू द्या."

"मी तर दिलाच नव्हता," धम्मपालदादा म्हणाले.

लोक हसले. आणि मग दादांनी मागची खुर्ची ओढली आणि बसले. कोपऱ्यातून समता डोकावली, बापाला बसलेलं बघून थबकली, काही न बोलता निघून गेली. रविवारचा वर्ग कोणी घ्यायचा हा विषय उरला होता. बाईंनी हात वर केला. त्यांच्यावर कसलीही बंदी नव्हती आणि त्या सभासद होत्या. पुढे विमानं सुरू होऊन त्या नागपूरला परत जाईपर्यंत वर्ग त्यांनीच घेतला, आणि एकोणीसही मुलं त्यांना घाबरून उद्देशिका पाठ म्हणायला लागली.

पुढच्या रविवारी बाईंचा फोन गेला नाही. त्या दिवशी लोणाऱ्यांच्या घरचा दिवसाचा तो एक पाहुणा भीमसेनदादा होते. हे मला बाईंनीच सांगितलं. दादा मास्क लावून आले, जय भीम केला, आणि दारापासून स्वयंपाकघरापर्यंत दोनदा चालून बाईंच्या समोरच्या खुर्चीत बसले. बाईंनी नेहमीचं विचारलं, "भीमसेन, माझं मत कुठं गेलं?"

"बाई, तुमचं मत बाद झालं," दादा म्हणाले. "माझ्यामुळं झालं."

"हं," बाई म्हणाल्या. "अडीच महिने एवढंच विचारत होते." त्यांनी मुलाला फ्रिजवरचा डबा उतरवायला लावला, पट्टीवरच्या सह्या आणि मेण बोट फिरवून तपासलं, आणि डबा दादांच्या मांडीवर ठेवला. "बाद मतं फेकत नसतात. वेगळी सील करून, सांभाळून ठेवायची असतात. आता तू ठेव."

दादांनी डबा घरी नेला. तो अजून त्यांच्याकडेच आहे, न उघडलेला.